क्रोएशियाचा शेतकरी पक्ष समजून घ्यायचा, तर थोरल्या भावापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा: युरोपच्या इतिहासात क्रोएशियन शेतकरी पक्षाचा उल्लेख येतो तो बहुधा १९२८ साली बेलग्रेडच्या संसदेत झालेल्या गोळीबारापुरता. हा पक्ष खरंच शेतकऱ्यांचा होता, की राष्ट्रवाद्यांनी शेतकऱ्यांचं नाव वापरलं होतं? आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बहुसंख्य क्रोएशियन मतं ज्याच्या पदरात पडत, तो पक्ष आज एवढा लहान कसा?

आधुनिक युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी पंचवीस-तीस वर्षं गेली आहेत, आणि हा पक्ष माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून जरा लांबच उत्तर देतो.

सगळ्यात आधी एक शब्द. पक्षाच्या नावात 'सेल्याच्का' असं विशेषण आहे, ते 'सेल्याक' या शब्दावरून आलं. आपण त्याचं भाषांतर 'शेतकरी' असं करतो. पण 'सेलो' म्हणजे गाव, आणि 'सेल्याक' म्हणजे गावातला माणूस. त्याच्या समोर उभा असतो तो 'गोस्पोदा', म्हणजे साहेब मंडळी: वकील, अधिकारी, मोठे जमीनदार, शहरातले कोट घालणारे लोक. म्हणजे हा नुसता धंद्यातला फरक नव्हता, माणसामाणसांतला होता. 'शेतीमालाच्या भावासाठी लढणारा पक्ष' असं चित्र डोळ्यांसमोर ठेवून वाचायला बसलात तर पहिल्या पंधरा-वीस वर्षांतलं काहीच उलगडत नाही. त्या काळातला खरा प्रश्न होता की 'जनता' म्हणायचं कुणाला.

हा प्रश्न मांडला तो आन्तुन रादिचनं. धाकटा भाऊ स्त्येपान सगळ्यांना माहीत आहे, त्याचे पुतळे आहेत, दोनशे कुनांच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. पण पक्षाची मुळं थोरल्यात आहेत, म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

सावा नदीच्या काठी, सिसाक शहराजवळ त्रेबार्येवो देस्नो नावाचं खेडं आहे. तिथल्या एका शेतकरी घरात, अकरा भावंडांत हे दोघे वाढले. आन्तुनचा जन्म १८६८ चा, स्त्येपानचा १८७१ चा. वेठबिगारी १८४८ मध्ये संपली होती, पण जमीन तुकड्या-तुकड्यांची, कर जड आणि पैसा हातात नाही. 'झाद्रुगा' म्हणजे चुलत्या-पुतण्यांचं एकत्र खातं-पितं घर, एका चुलीवरचं आणि एका शिवारातलं. ती झाद्रुगा त्याच काळात फुटत होती. वाटण्या झाल्या की कुणाच्याच वाट्याला पोटापुरतं येत नसे. लोक अमेरिकेची वाट धरत होते. राजकीय सत्ता बुडापेश्टच्या हाती होती, कारण १८६८ च्या करारानं क्रोएशिया-स्लावोनिया हंगेरीच्या मुकुटाला जोडलं गेलं होतं. झाग्रेबमध्ये 'साबोर' ही विधानसभा होती, पण मतदानाला कराची अट असल्यानं शेकड्यात जेमतेम दोनेक माणसं मतदार. म्हणजे ज्यांच्या नावानं राष्ट्राच्या गप्पा चालायच्या, त्यांना मतच नव्हतं.

आन्तुन शिकला, स्लाव्ह भाषाशास्त्रात डॉक्टर झाला, शाळेत शिकवू लागला. १८९७ मध्ये त्यानं झाग्रेबच्या अकादमीसाठी एक लांबलचक प्रश्नावली तयार केली, लोकजीवनाची माहिती कशी गोळा करावी याची. ती वाचताना मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. घर कसं बांधता, कशापासून? छप्पर कसलं? काय खाता, केव्हा खाता, कोण वाढतं? कापड कोण विणतं? भांडण झालं तर निवाडा कोण करतं? वाटणी कशी होते? आणि मुख्य म्हणजे, उत्तरं शक्यतो गावातल्याच माणसानं लिहावीत, आणि आपल्याच बोलीत लिहावीत, हा आग्रह. शहरातल्या पंडितानं गावात जाऊन चार गाणी टिपून आणायची, ही तेव्हाची रीत. आन्तुननं ती उलटी केली. तो म्हणत होता की गावाजवळ स्वतःची एक पूर्ण संस्कृती आहे, आणि शहरी साहेबांची उसनी संस्कृती ही दुसरी. ज्याला साहेब 'अडाणी' म्हणतात त्याच्याकडे माहिती आहे, नीतिनियम आहेत आणि मतही आहे.

मग १८९९ मध्ये त्यानं 'दोम' नावाचं वृत्तपत्र काढलं. दोम म्हणजे घर. पाच-एक वर्षं ते चाललं आणि बहुतेक मजकूर तो एकटाच लिहायचा. वाचक शेतकरी, पत्रं पाठवणारे शेतकरी. गावात ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं ते वृत्तपत्र. पक्षाची पहिली शाखा कुठली, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, दोमचा अंक जिथे वाचला जात होता ते अंगण.

स्त्येपानची घडण वेगळी. तो आगीचा माणूस. १६ ऑक्टोबर १८९५ रोजी सम्राट फ्रान्झ योसेफ झाग्रेबच्या भेटीवर असताना विद्यार्थ्यांनी भर चौकात हंगेरीचा झेंडा जाळला, त्यांचा म्होरक्या हाच. तुरुंग झाला, विद्यापीठाचं दार बंद झालं. मग प्राग, मग पॅरिस, आणि तिथे राज्यशास्त्राची पदवी. प्रागमध्येच त्याला मारिया द्वोर्झाकोवा भेटली, ही चेक शिक्षिका पुढे त्याची बायको झाली. झाग्रेबमधलं त्यांचं पुस्तकांचं दुकान तीच सांभाळायची. स्त्येपानची नजर इतकी अधू होती की पुढे पुढे समोरचा माणूसही त्याला धड दिसत नसे, पण उघड्या माळावर हजारो लोकांसमोर तो तासनतास बोलायचा, कागदाचा चिटोरा हातात न घेता.

२२ डिसेंबर १९०४ रोजी या दोघांनी झाग्रेबमध्ये क्रोएशियन जन-शेतकरी पक्ष स्थापन केला. पहिली पंधरा वर्षं निवडणुकीच्या हिशेबात किरकोळ. १९१० मध्ये मतदार थोडे वाढले तेव्हा साबोरच्या ८८ जागांपैकी ९ मिळाल्या, हीच काय ती मजल. पण या काळात गावोगावी माणसं तयार झाली: वाचणारी, सभेत उठून बोलणारी, साहेबासमोर टोपी न काढणारी. पुढचं सगळं यांच्या जोरावर झालं.

आता १९१८. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं आणि झाग्रेबच्या राष्ट्रीय परिषदेनं सर्बियाशी ताबडतोब एक होण्याचा घाट घातला. इटलीचं सैन्य किनाऱ्यावर उतरत होतं, खेड्यापाड्यांत अंदाधुंदी होती, त्यामुळे घाईला कारणं होती हे मान्य केलं पाहिजे. पण २४ नोव्हेंबरच्या रात्री स्त्येपान रादिच उठला आणि म्हणाला की धुक्यात घुसणाऱ्या हंसांसारखी धाव घेऊ नका. ही पाळीव हंसांच्या कळपाची उपमा शेतकऱ्याच्याच तोंडी शोभणारी. एक पुढे गेला की सगळे मागे, आणि खड्डा दिसत कुणालाच नाही. त्याचं म्हणणं असं होतं की अटी आधी ठरवा, लोकांना विचारा, मग एक व्हा. त्याचं ऐकलं गेलं नाही. १ डिसेंबरला सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्य जाहीर झालं, राजा सर्बियाचा आणि राजधानी बेलग्रेड.

फेब्रुवारी १९१९ मध्ये आन्तुन वारला. मार्चमध्ये स्त्येपानला अटक झाली. पॅरिसच्या शांतता परिषदेकडे क्रोएशियन शेतकरी प्रजासत्ताकाची मागणी करणारा अर्ज पक्षानं फिरवला होता आणि त्यावर लाखाहून अधिक सह्या जमल्या होत्या. हा सह्यांचा आकडा कुठल्याही निवडणूक निकालापेक्षा मला मोलाचा वाटतो. साक्षरता तोकडी, पोलिसांचा पहारा, आणि तरी एवढ्या लोकांनी नाव लिहिलं किंवा खूण केली.

१९२० च्या सप्टेंबरात आणखी एक गोष्ट घडली. लष्कराच्या उपयोगी पडतील अशा ओढकामाच्या जनावरांना डाग देऊन नोंदवण्याचा हुकूम निघाला. महायुद्धात घोडे-बैल सरकारनं ओढून नेल्याची आठवण ताजी होती. डाग म्हणजे जनावर गेलंच, असं गावानं धरलं. झाग्रेबच्या आसपासच्या पट्ट्यात गावं उठली, कचेऱ्यांवर चालून गेली, गोळीबार झाला, माणसं मेली. हे रादिचनं पेटवलेलं नव्हतं, तो तुरुंगात होता. पण या उठावानं दाखवलं की 'राष्ट्राचा प्रश्न' गावात कुठल्या रूपानं पोचत होता. राज्यघटना कुणी वाचली नव्हती. दावणीच्या घोड्याला लागणारी डागणी मात्र प्रत्येकाला कळत होती. बेलग्रेडचं सरकार परकं वाटू लागलं ते इथून.

दोन महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १९२० रोजी, सर्व प्रौढ पुरुषांना मत देणारी पहिली निवडणूक झाली. पक्षाला २,३०,५९० मतं आणि ५० जागा. मतदारांची दारं उघडताच पंधरा वर्षांचं काम एका दिवसात दिसलं. निवडून आलेले मात्र बेलग्रेडला गेलेच नाहीत. पक्षानं नावात 'प्रजासत्ताकवादी' हा शब्द घातला आणि बहिष्कार पुकारला. इथे माझं स्पष्ट मत आहे की तत्त्व म्हणून तो बहिष्कार समजण्यासारखा असला तरी त्याची किंमत मोठी होती. २८ जून १९२१ ची केंद्रवादी घटना अगदी काठावरच्या बहुमतानं मंजूर झाली. हे पन्नास जण सभागृहात असते, इतर नाराज पक्षांशी जुळवून घेते, तर ती त्या रूपात मंजूर होणं फार कठीण होतं.

१९२३ मध्ये मतं पावणेपाच लाखांच्या घरात आणि जागा ७०. रादिच परदेशी निघून गेला: व्हिएन्ना, लंडन, आणि शेवटी मॉस्को. १९२४ मध्ये त्यानं पक्षाला तिथल्या शेतकरी आंतरराष्ट्रीय संघटनेचं सभासद केलं. तो कम्युनिस्ट कधीच नव्हता. खाजगी जमीन, कुटुंब आणि देवावरची श्रद्धा हे त्याच्या विचाराचे खांब होते, पक्षाचं ब्रीदवाक्यच 'देवावर श्रद्धा आणि शेतकऱ्यांची एकी'. लंडननं दार उघडलं नाही म्हणून तो मॉस्कोला गेला. पण सरकारला आयतं हत्यार मिळालं. कम्युनिस्टांविरुद्धचा कायदा पक्षावर लावला, जानेवारी १९२५ मध्ये रादिचला त्याच्याच घरातल्या लपण्याच्या जागेतून पकडलं, आणि तरीही फेब्रुवारीच्या निवडणुकीत ६७ जागा आल्या.

मग ते वळण, ज्यावर आजही वाद होतो. २७ मार्च १९२५ रोजी पुतण्या पाव्ले रादिचनं संसदेत जाहीर केलं की पक्षाला राजा आणि घटना मान्य आहे. 'प्रजासत्ताकवादी' शब्द गळाला. आजचं नाव, क्रोएशियन शेतकरी पक्ष, तेव्हापासूनचं. काही महिन्यांत स्त्येपान तुरुंगातून थेट सत्तेच्या आघाडीत आला आणि नोव्हेंबरात शिक्षणमंत्री झाला. अनेकांनी याला गद्दारी म्हटलं. मला तसं वाटत नाही. पक्षावर बंदीची तलवार टांगलेली होती, आणि पक्ष बुडाला असता तर मार पडला असता तो गावातल्या साध्या कार्यकर्त्यावर. रादिच त्या कार्यकर्त्यासाठी वाकला. मंत्रिपद तसंही पुढच्या एप्रिलमध्ये सुटलं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर १९२७ मध्ये आहे. त्या नोव्हेंबरात रादिचनं स्वेतोझार प्रिबिचेविचशी युती केली. हा प्रिबिचेविच क्रोएशियातला सर्ब नेता, १९१८ च्या घाईचा प्रमुख पुरस्कर्ता, रादिचला तुरुंगात धाडणाऱ्या सरकारातला मोठा माणूस. पण एव्हाना त्यालाही बेलग्रेडच्या कारभाराचा वीट आला होता. कालचे हाडवैरी एका बाकावर बसले. नुसता वंशाभिमानावर चालणारा पक्ष हे करू शकला नसता. ही युती दोघांच्याही हयातीत टिकली.

आणि त्याच युतीनं बेलग्रेडमध्ये आग लागली. भ्रष्टाचाराचे आरोप, शिवीगाळ, धमक्या यांत संसदेचं १९२८ चं अधिवेशन गेलं. रादिचला सभागृहात जाऊ नकोस असं सहकाऱ्यांनी विनवलं होतं. २० जूनच्या सकाळी सत्ताधारी रॅडिकल पक्षाचा माँटेनेग्रोचा सभासद पुनिशा राचिच बोलायला व्यासपीठावर गेला. शेतकरी पक्षाच्या इवान पेर्नारनं मध्येच आवाज टाकला. राचिचनं पिस्तूल काढलं. पहिली गोळी पेर्नारला. मग रोख रादिचकडे वळला. त्याच पक्षाचा जुरो बासारिचेक राचिचला आवरायला धावला आणि कोसळला. आणखी एक सहकारी इवान ग्रांजा रादिचच्या आडवा आला, गोळी त्याच्या हाताला लागली. पुढची रादिचच्या पोटात. पाव्ले काकाकडे धावला आणि तोही पडला. काही क्षणांचा मामला. पाव्ले आणि बासारिचेक तिथेच गेले. स्त्येपान ८ ऑगस्टला झाग्रेबमध्ये गेला. त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीची छायाचित्रं पाहिलीत तर चेहऱ्यांआधी कपडे बघा. कोट कमी आणि हातमागाचे पांढरे सदरे जास्त आहेत.

त्यानंतर नेतृत्व व्लाद्को माचेककडे आलं. वकील, शांत, हटवादी, थांबून राहण्यात पटाईत. ६ जानेवारी १९२९ रोजी राजा अलेक्झांडरनं संसद मोडली आणि सगळ्या पक्षांवर बंदी आणली. त्याच सुमारास आन्ते पावेलिच देश सोडून गेला आणि त्यानं उस्ताशा ही दहशतवादी संघटना उभी केली. पावेलिच शेतकरी पक्षाचा नव्हता, हे ठासून सांगतो, कारण घोटाळा वारंवार होतो. शेतकरी पक्षाचा मार्ग गोळीचा नव्हता. १९३३ मध्ये उपाध्यक्ष योसिप प्रेदावेत्सचा खून झाला, माचेकला तीन वर्षांची शिक्षा झाली, तरी पक्षानं शस्त्र उचललं नाही.

आणि इथे माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात समृद्ध पान येतं, जे पाठ्यपुस्तकांत सहसा नसतं. १९३४ मध्ये राजाचा मार्सेलला खून झाल्यावर बंधनं थोडी सैल झाली. पक्ष कागदावर बंदच होता, पण त्याच्या भोवतीच्या संस्था वाढल्या. 'सेल्याच्का स्लोगा', म्हणजे शेतकरी एकोपा, ही आधीची सांस्कृतिक संस्था पुन्हा उभी राहिली. गावागावांत वाचनघरं, अक्षरवर्ग, नाटकं. लिहिता येणाऱ्यानं न येणाऱ्याला शिकवायचं. गावांची स्वतःची गाणी आणि नाच घेऊन मेळावे भरू लागले. झाग्रेबमध्ये आज उन्हाळ्यात लोककलांचा जो आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, त्याचं मूळ या मेळाव्यांत आहे. १९३५ मध्ये 'गोस्पोदार्स्का स्लोगा' ही आर्थिक संस्था निघाली. गुरांना योग्य भाव मिळेपर्यंत बाजारात न्यायची नाहीत असं एकत्र ठरवायचं, खरेदी-विक्री एकत्र करायची, हे तिचं काम. रुदोल्फ बिचानिच हा तरुण अर्थतज्ज्ञ तीन वर्षांचा तुरुंग भोगून सुटला आणि थेट देशातल्या सर्वांत गरीब भागांत पायी फिरायला निघाला: हर्झेगोविना, दाल्मेशिया, लिका. लोक काय खातात, धान्य किती महिने पुरतं, कर्ज कुणाचं, हे घरात बसून विचारत तो फिरला आणि १९३६ मध्ये 'लोक कसे जगतात' या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. आन्तुनच्या प्रश्नावलीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच प्रश्न, फक्त या वेळी ताटात काही आहे का, हे आधी.

१९३८ च्या निवडणुकीत माचेकच्या विरोधी आघाडीला सुमारे ४५ टक्के मतं पडली, पण निवडणूक कायदाच असा की जागा सत्तरच्याही आत. तरी दडपण पुरेसं झालं. २६ ऑगस्ट १९३९ रोजी, महायुद्धाला आठवडाही नव्हता, पंतप्रधान त्स्वेत्कोविच आणि माचेक यांच्यात करार झाला आणि क्रोएशियाला स्वायत्त 'बानोविना' मिळाली, म्हणजे 'बान' या प्रमुखाच्या हाताखालचा स्वतःचा प्रांत. इवान शुबाशिच बान झाला, माचेक उपपंतप्रधान. १९१८ पासूनची मागणी बरीचशी पदरात पडली. मात्र त्या बानोविनाच्या साबोरची निवडणूक कधी झालीच नाही. आणि सत्तेत आलेल्या पक्षात कोटवाले भराभर शिरले. गावचा कार्यकर्ता मागे सरकला.

१० एप्रिल १९४१ ला जर्मन फौजा झाग्रेबमध्ये आल्या. त्याआधी जर्मनांनी माचेकला सत्ता देऊ केली होती, ती त्यानं नाकारली, हे त्याच्या बाजूनं मोठं आहे. पण त्याच दिवशी नव्या सत्तेशी सहकार्य करा असं आवाहन त्याच्या नावानं रेडिओवरून वाचलं गेलं. पक्षाच्या संरक्षक दलातल्या काही तुकड्यांनी युगोस्लाव्ह सैन्याची (त्या राज्याचं नाव तोवर युगोस्लाविया झालं होतं) हत्यारं काढून घेतली आणि त्यातले काही उस्ताशांना मिळाले. ती उस्ताशा सत्ता पुढे सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांचा संहार करणारी ठरली. माचेकला स्वतःला यासेनोवाकच्या छळछावणीत काही महिने डांबलं, मग घरकैदेत ठेवलं. मला वाटतं, त्या एका आवाहनाचा डाग धुतला जात नाही. लाखो लोक त्याच्या शब्दाकडे डोळे लावून होते, आणि त्या घडीला तो शब्द चुकला. मग पक्षाची शकलं झाली. थोडे उस्ताशांकडे, अनेक जण, विशेषतः १९४३ नंतर, कम्युनिस्ट नेता टिटोच्या पार्टिझनांकडे, म्हणजे सशस्त्र प्रतिकारकांकडे, आणि बाकीचे वाट पाहत घरी. माचेक मे १९४५ मध्ये देशाबाहेर पडला आणि १९६४ मध्ये वॉशिंग्टनला वारला.

१९४५ च्या ऑक्टोबरात स्त्येपानची विधवा मारिया रादिच हिच्या पुढाकारानं झाग्रेबमध्ये एक वृत्तपत्र निघालं, लोकांचा आवाज अशा नावाचं. एक अंक निघाला आणि ते बंद करण्यात आलं. मायदेशात पक्षाचं उघड काम तिथे थांबलं. परदेशात मात्र युराय क्रन्येविचनं लंडनमधून तो जिवंत ठेवला. १९२० मध्ये पंचविशीत निवडून आलेला हा माणूस १९८८ मध्ये मरेपर्यंत निर्वासित पक्षाचा अध्यक्ष होता.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. १९८९ मध्ये पक्ष पुन्हा उभा राहिला. २००० मध्ये आघाडी सरकारात आला, त्याचा अध्यक्ष झ्लात्को तोम्चिच २००३ पर्यंत साबोरचा सभापती होता. नंतर कधी डाव्यांबरोबर, कधी उजव्यांबरोबर. २०११ मध्ये एकच जागा.

लहान का झाला? 'नेते चुकले' हे उत्तर मला अपुरं वाटतं. १९३० च्या सुमारास क्रोएशियात चारातली तीन माणसं शेतीवर होती. १९९१ पर्यंत शेतीवरची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या आत आली. कारखाने, शहरं, जर्मनीतली मजुरी यांत तो सेल्याक विरघळला. आणि राष्ट्राचा प्रश्न १९९० मध्ये राष्ट्रवादी नेता फ्रान्यो तुजमानच्या पक्षानं उचलला, तेव्हा रादिचचा चेहरा सगळ्यांचाच झाला, मत मात्र दुसरीकडे गेलं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: तो आधी शेतकऱ्यांचा होता, आणि शेतकरी म्हणजेच तेव्हाचं राष्ट्र असल्यामुळे राष्ट्राचा झाला. १९२८ च्या गोळ्यांनंतर राष्ट्राचा प्रश्न एवढा मोठा झाला की गावाचा प्रश्न त्याच्या मागे उभा राहिला, आणि १९३९ नंतर तर तो दिसेनासा झाला. तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर गोळीबारापासून सुरुवात करू नका. आन्तुनची ती प्रश्नावली घ्या आणि त्यातले अन्नावरचे प्रश्न आधी वाचा.